दोन तास आटवलेलं दूध

दुधात लिंबू पिळू नये हे कळायला फार शिकावं लागत नाही, आणि मी तर आठवीला विज्ञान शिकवते. तरी गेल्या चैत्रात मी एका आठवड्यात दोनदा चांगलं आटवलेल्या दुधात लिंबू पिळलं, आणि दोन्ही वेळा माझ्या सासूबाई समोर खुर्चीत बसून ते नासताना बघत होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात वर्तमानपत्राची घडी, वारा घ्यायला.

पाडव्यानंतर चार दिवसांनी त्या बाल्कनीत घसरल्या आणि मनगट मोडलं. दवाखान्यातून परत येताना रिक्षात पहिलं वाक्य बोलल्या ते हात दुखतो असं नव्हे. "यंदा पांढऱ्या सरबताचं कसं व्हायचं?"

पांढरं सरबत म्हणजे आमच्या घरचं चैत्रातलं हळदीकुंकू. बाकी सगळ्या पुण्यात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि कैरीचं पन्हं देतात. आमच्याकडे डाळ असते, पण पन्ह्याच्या जागी हे. लिंबाचं, पण दाट आणि मलईसारखं, अर्धवट गोठलेलं. प्यायचं की चमच्यानं खायचं हे ठरेपर्यंत ग्लास संपतो. आधी गारवा लागतो, मग गोडवा, आणि गिळल्यावर मागून लिंबू येतं. ते काय आहे हे मी सव्वीस वर्षं पीत आले आणि कसं करतात ते मला माहीत नव्हतं.

सासरे खडकीला फॅक्टरीत होते. तिथल्या क्वार्टरच्या मागे लिंबाचं झाड होतं आणि त्या झाडाच्या जिवावर सासूबाईंनी हे सरबत सुरू केलं. निवृत्तीनंतर सगळे धायरीला राहायला आले, झाड तिथंच राहिलं, पण क्वार्टरमधल्या बायका दर चैत्रात दोन बस बदलून सरबतासाठी येत राहिल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा पंचवीस-तीस जणी असायच्या, सतरंजी पुरायची नाही. आता पाच उरल्यात. त्यातल्या दोघींना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही.

करताना कुणी बघायचं नाही, असा सासूबाईंचा नियम होता. गौरीचा नैवेद्य, म्हणून सोवळ्यात. आदल्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. आजकाल लोक स्वयंपाकघराच्या भिंती पाडून मोकळं करून घेतात. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा सासूबाईंनी हट्टानं तिथं दार बसवून घेतलं, आतून कडीसकट. दोन तासांनी दार उघडायचं. फ्रीजरमध्ये स्टीलचे डबे आणि ओट्यावर आटवलेल्या दुधाचं पातेलं. "दूध दोन तास आटवायचं, बाकी काही नाही," एवढंच सांगायच्या. त्या दिवशी आमच्याकडे जेवायला बासुंदी असायची. शिवाय माझा नवरा, जो एरवी घरात काडी हलवत नाही, तो त्या दिवशी स्वतःहून कचरा खाली नेऊन टाकायचा. सणाचा उत्साह, असं मी समजायचे.

माझं आणि सासूबाईंचं भांडण कधी झालं नाही. भांडणात निदान दोन्ही बाजू बोलतात. इथं त्या बोलायच्या आणि मी ऐकायचे, आणि विषय कायम एकच. मी आलं-लसणाची तयार पेस्ट आणली तर "आपल्यात विकतचं चालत नाही." दिवाळीला चिरोटे बाहेरून आणले तर पाहुण्यांसमोर "हे आमच्या सूनबाईंनी केलेत, दुकानात जाऊन." शाळा, पेपर, बस, सगळं करून मी घरी लोणी कढवावं, मसाला कुटावा, इडलीचं पीठ वाटावं. आणि एवढं करून कधी "छान झालंय" नाही. "ठीक आहे" मिळायचं. एकदा पुरणपोळीला "खाण्यासारखी आहे" असं म्हणाल्या होत्या, ते मी अजून विसरलेले नाही.

म्हणून त्या रिक्षात मी म्हटलं, "मी करीन ना आई." मला मनातून आनंद झाला होता, हे कबूल करते. एकदाचं ते दार माझ्यासाठी उघडणार होतं. आणि त्या पाच जणींसमोर त्यांना माझ्या हातचं पिऊन काहीतरी म्हणावं लागणार होतं. मला तेवढंच ऐकायचं होतं.

हळदीकुंकू शुक्रवारी ठरलं. सोमवारी शाळेतून आल्यावर मी रंगीत तालीम म्हणून दोन लिटर दूध आटवायला ठेवलं. सासूबाई खुर्ची ओढून आत बसल्या. दोन तास मी डाव घेऊन ढवळत होते आणि त्या अधूनमधून "खाली लागेल" एवढंच म्हणत होत्या. दूध थंड केलं. "आता?" मी विचारलं.

"आता लिंबू."

"थेट? फाटेल ना."

"मग दुसरं कशात पिळणार?"

पिळलं. क्षणभर काही झालं नाही, आणि मग पातेल्याच्या कडेनं हिरवट पाणी सुटायला लागलं. दोन तासांचं दूध माझ्या डोळ्यांदेखत चोथापाणी झालं. सासूबाईंनी वाकून बघितलं आणि वर्तमानपत्रानं वारा घेत म्हणाल्या, "पनीर बरं झालंय. भाजी कर."

मी भाजी केली. मटार नव्हते म्हणून बटाटा घातला. साखर घातलेल्या पनीरची बटाट्याशी भाजी कशी लागते ते मी सांगत बसत नाही.

नवरा कंपनीच्या कामासाठी चेन्नईला होता, बुधवारी यायचा होता. मंगळवारी सकाळी त्याला फोन केला. लहानपणापासून आईला बघत आलाय, काहीतरी माहीत असेल. "दूध नासतंय रे. आई नेमकं काय करतात?"

तो तिकडे कुणाला तरी 'आलो' म्हणाला. मग म्हणाला, "आईलाच विचार ना," आणि मीटिंग सुरू झाली म्हणून फोन ठेवला. सकाळी पावणेआठ वाजता.

मग मी मोबाईलवर शोधलं. निघाले की पुष्कळ प्रकार. एका व्हिडिओत एक बाई लिंबाच्या फोडी, बर्फ आणि डब्यात मिळणारं घट्ट गोड दूध मिक्सरमधून फिरवत होती आणि दोन मिनिटांत वर फेस आलेलं, दाट, पांढरंशुभ्र काहीतरी ग्लासात ओतत होती. अगदी आमच्यासारखं दिसत होतं. मी मोबाईल सासूबाईंसमोर धरला. "आई, हे बघा, टिनचं दूध घालतात. ते नासत नाही म्हणे. आणू का एक डबा?"

त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग तोंड फिरवलं. "गौरीच्या नैवेद्याला टिनचं? आपल्यात विकतचं चालत नाही."

मी मुकाट्यानं पुन्हा दूध आटवलं. खरं तर मला गुपचूप डबा आणता आला असता, कोण अडवणार होतं? पण मग ते त्यांचं सरबत झालं नसतं, आणि त्या जे म्हणतील ते माझ्यापुरतं खोटं ठरलं असतं. मला त्यांच्या पद्धतीनं पास व्हायचं होतं. यावेळी दूध आधी फ्रीजमध्ये गारढोण केलं, लिंबाचा रस थेंब थेंब घातला, वर्गात प्रयोग दाखवताना टाकते तसा. दहाव्या थेंबाला फाटलं.

"घाई झाली," सासूबाई म्हणाल्या.

"थेंबाथेंबानं घातलं आई. याहून हळू म्हणजे पुढच्या चैत्रातच."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी उलटी केली आणि वारा घेत राहिल्या.

बुधवारी नवऱ्याचा निरोप आला की काम लांबलंय, आता शनिवारी येतो. सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "शनिवारी? शुक्रवारच्या आत नाही?" दोनदा विचारलं. त्या दुपारी त्या नीट जेवल्यासुद्धा नाहीत. पोरासाठी एवढा जीव तुटतो आणि इथं मी मरमर मरतेय, असं माझ्या मनात आलं, आणि मी ताटं जरा जोरातच उचलली.

गुरुवारी मी रजा टाकली. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा डायनिंग टेबलावर तसाच, बारावा पेपर वर उघडा. आता दुधाचा नादच सोडला. आठवडाभराची साय साठवली होती, ती साखर घालून फेटली, लिंबाची साल किसून घातली, रस अगदी नावाला. फाटलं नाही. चमचाभर सासूबाईंना दिलं. त्यांनी जिभेवर फिरवून बघितलं. "पातळ आहे. पण गोठलं तर चालेल."

चालेल! सव्वीस वर्षांत "खाण्यासारखी आहे"नंतर हेच. सकाळी साडेनऊला मी तीन डबे फ्रीजरमध्ये लावले आणि काहीतरी गुणगुणत पेपर तपासायला बसले. दहाला पंखा बंद पडला.

पुण्यात जन्म घालवलेल्या बाईनं गुरुवार विसरावा, याला काय म्हणायचं? गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पोरंटोरंसुद्धा सांगतात. मी दर बुधवारी रात्री मोबाईल चार्ज करते, टाकी भरून ठेवते, इस्त्री उरकते. त्या आठवड्यात डोक्यात फक्त दूध होतं. सोसायटीचा जनरेटर लिफ्टपुरता. मी फ्रीजला टेकून उभी राहिले, जणू तेवढ्यानं आत गारवा टिकणार होता. दोन वाजेपर्यंत धीर धरला आणि मग दार उघडलं. डब्यात वर तुपासारखे गोळे तरंगत होते आणि खाली लिंबाचं पाणी.

मी तिथंच फरशीवर बसले आणि रडायला लागले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला हेच हवं होतं ना?" मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी त्या आवाजात बोलले. "मला जमू नये म्हणून तुम्ही अर्धंच सांगता. काहीतरी ठेवून घेता. सव्वीस वर्षं मी तुमच्या मनासारखं करायचा प्रयत्न करतेय आई, विकतची एक पुडी घरात आणताना चोरासारखी आणते, आणि तुम्हाला तुमचं एक सरबत मला सांगवत नाही. उद्या सांगा त्या बायकांना, सुनेनं वाट लावली. मला आता काही वाटत नाही."

वाटत होतं, पण बोलून टाकलं. सासूबाई वळल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. बरं झालं, लागलं असेल तर लागू दे, असं म्हणत मी डबे सिंकमध्ये ओतले.

थोड्या वेळानं त्यांच्या खोलीतून धातूवर धातू घासल्याचा आवाज यायला लागला. मग काहीतरी पडलं आणि पलंगाखाली घरंगळत गेलं. हात मोडलेली बाई, पुन्हा पडली की काय, म्हणून मी धावले.

त्या पलंगावर बसल्या होत्या. कपाट उघडं, खालच्या कप्प्यातल्या शाली बाहेर काढलेल्या. डाव्या हातात डबा फोडायचा जुना कटर, गुडघ्यांत धरलेला टिनचा डबा, घट्ट गोड दुधाचा, झाकणावर वेड्यावाकड्या ओरखड्यांची नक्षी. दुसरा डबा पलंगाखाली गेला होता. तिसरा अजून शालींच्या मागे दिसत होता.

मी जवळ जाऊन डब्यावरचं नाव वाचलं.

"डाव्या हातानं जमत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"किती वर्षं?" मी शेवटी विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि आटवलेलं दूध?"

"त्याची बासुंदी होते ना." त्यांनी कटर पलंगावर ठेवला. "तुला आवडते म्हणून जरा जास्त करायचे."

हे ऐकून माझा राग गेला असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही, उलट वाढला. पेस्ट आठवली, चिरोटे आठवले, मंगळवारचा व्हिडिओ आठवला. "मी परवा टिनचं नाव घेतलं तेव्हा का नाही बोललात? दूध नासणार हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग मला दोन दिवस दूध कशाला आटवायला लावलंत?"

"तो बुधवारी यायचा होता. त्यानं डबा फोडून दिला असता. आधी हे आणायचे फॅक्टरीच्या कँटीनमधून, हे गेल्यावर तो आणतो." म्हणजे माझा नवराही. वर्षातून एकदा कचरा नेणारा माझा गुणी नवरा. त्याचं काय करायचं ते मी बाजूला ठेवून दिलं.

"पण का?" मी विचारलं. "कुणी काय म्हटलं असतं?"

सासूबाईंनी डबा गुडघ्यांतून काढून पलंगावर ठेवला. "लग्नानंतरचा पहिला चैत्र. माझ्या सासूबाई गावाहून आल्या होत्या. बायका ठरल्यापेक्षा जास्त आल्या, कैऱ्या संपल्या. घरात ह्यांनी आणलेला एक डबा होता आणि दारात लिंबं. जे सुचलं ते केलं. बायकांना आवडलं. सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, दूध किती आटवलंस? त्यांना टिनचं कळलं असतं तर हातातला ग्लास मोरीत ओतला असता. मी म्हटलं, दोन तास." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "त्या म्हणाल्या, छान झालंय. आयुष्यात तेवढं एकदाच म्हणाल्या. मग कसं सांगणार? एकदा दोन तास म्हटलं की दरवर्षी दोन तास. आणि मग घरात विकतचं काही आलं की मला भीतीच वाटायची, कुणी माझाच डबा काढेल बाहेर."

बोलायला भरपूर होतं. मी पलंगाखाली हात घालून दुसरा डबा काढला, कटर घेतला आणि ओट्यावर नेऊन दोन्ही डबे फोडले. सासूबाई मागोमाग आल्या. सवयीनं त्यांनी दार लावून घेतलं आणि कडीही घातली, घरात आम्ही दोघीच असताना.

"आता लिंबू," त्या म्हणाल्या.

मी पिळलं. फाटलं नाही. डावानं हलवत गेले तसं ते दाट होत गेलं, जड आणि गुळगुळीत, श्रीखंड फेटावं तसं. मी विज्ञानाची बाई, साखर आणि आटलेपणामुळे असं होतं हे मुलांना समजावून सांगू शकते, पण त्या वेळी नुसती बघत राहिले. "गार पाणी घाल. चिमूटभर मीठ," सासूबाई म्हणाल्या. "अर्धं गोठलं की मिक्सरमधून फिरवायचं आणि पुन्हा ठेवायचं." सगळी मिळून पंधरा मिनिटं लागली. लाइट पाचला आली.

शुक्रवारी पाचही जणी आल्या. ओटीत भिजवलेले हरभरे घातले, डाळ दिली, मग ट्रेमध्ये ग्लास घेऊन मी बाहेर गेले. दोघी खुर्चीवर, तिघी सतरंजीवर. पहिल्या घोटानंतर चमचेच वाजत राहिले. सगळ्यात म्हाताऱ्या काकू, खडकीहून रिक्षा करून आलेल्या, त्यांनी ग्लास निम्मा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू केलंस? हिचा हात मोडलाय म्हणजे तूच. अगदी तसंच झालंय. दूध किती आटवलंस गं?"

सासूबाई समोरच होत्या. प्लास्टरचा हात मांडीवर, दुसऱ्या हातातला ग्लास तसाच भरलेला. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. घाबरलेल्या होत्या. सव्वीस वर्षांचं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, चिरोट्यांसकट. एक शब्द पुरला असता.

"दोन तास," मी म्हटलं.

काकूंनी मान डोलावली. "तरीच."

सासूबाईंनी ग्लास तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. "दोन नव्हे, अडीच," त्या म्हणाल्या. "मी समोर बसले होते ना. ही हलली नाही तिथून."

"छान झालंय" त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत, आणि मला त्यांचा राग अजून आहे. मी रिकामा ट्रे घेऊन आत आले, सिंकखालच्या पिशवीत ते दोन डबे होते. पिशवीला गाठ मारली आणि बाहेर काकूंचे ग्लास संपायच्या आत मीच खाली जाऊन कचरा टाकून आले.